सातवी वही

बाबा,

काल आईचा फोन आला होता. नाशिकचं घर आवरायला काढलंय. माळ्यावरून तुमच्या वह्या खाली आल्यात आणि त्यांचं काय करायचं, असं ती विचारत होती. रद्दीवाला दारात उभा असताना तिने मला फोन केला, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिला तुमच्या वह्यांबद्दल एकटीने निर्णय घ्यायची हिंमत होत नाही. मी म्हटलं, ठेव गं, कुठे जागा खातायत. तर म्हणते, "ठेवते. पण सहाच आहेत. सातवी माझ्याकडून तिकडेच राहिली ना." हे वाक्य मी नव्वद सालापासून ऐकते आहे. दरवेळी ती ते अशा सुरात म्हणते, की जणू दुधावर झाकण ठेवायचं राहिलं. आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. तिच्यावर नाही, तुमच्यावर. काल फोन ठेवल्यावर ठरवलं, की आता हे तुम्हाला लिहूनच टाकायचं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्यामुळे तुम्ही मधेच थांबवून गाडीचा डबा कुठल्या कारखान्यात बांधला ते सांगणार नाही, हा एक फायदा आहे.

मी आता महबूल्यात राहते. हो, त्याच कुवेतमध्ये. तुमच्यासारखीच दवाखान्यात नोकरी करते, फक्त यंत्रं दुरुस्त करत नाही, रक्त तपासते. या देशात आजही आगगाडीचा एक रूळ नाही. रेल्वे येणार, रेल्वे येणार असं अधूनमधून पेपरात येतं आणि मग विषय विरून जातो. माझ्या मुलाला एकदा सांगितलं, की तुझे आजोबा इथे बसून एका अमेरिकन आगगाडीचा इतिहास मराठीत लिहीत होते. तो इंग्रजीतच म्हणाला, "बट व्हाय?" मी त्याला काय सांगणार? तेरा वर्षांची असल्यापासून मीही तेच विचारत आले आहे.

सुरुवात तुम्हाला आठवत असेलच. अहमदीला, तेलकंपनीच्या वसाहतीत, कुठलं तरी यंत्र दुरुस्त करायला गेला होतात आणि येताना एक खोका घेऊन आलात. कुणी अमेरिकन इंजिनिअर देश सोडून जाताना तो कचऱ्याशेजारी ठेवून गेला होता. आपल्या इमारतीत बाकीच्यांचे वडील व्हीसीआर आणत होते, मोठा फ्रीज आणत होते. तुम्ही आणलीत जुनी वेळापत्रकं, चित्रांची मासिकं आणि एका चांदीसारख्या चकचकीत गाडीचे फोटो. शिकागोहून निघून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी गाडी. गंज न चढणाऱ्या पोलादाचे पन्हाळीदार डबे, वाऱ्याला आडवं येऊ नये म्हणून गोलसर केलेलं नाक, डिझेलचं इंजिन, आणि डब्यांच्या डोक्यावर काचेचे घुमट, ज्यात बसून लोक डोंगर बघायचे. फरवानियातल्या दोन खोल्यांच्या त्या घरात, एसीच्या घरघरीत, तुम्ही मला ते घुमट बोटाने दाखवत होता आणि मला गृहपाठ करायचा होता.

त्यात पुन्हा तुमची लिहायची तऱ्हा. माणसं इतिहास लिहितात तसा लिहायचा ना, एका खाली एक परिच्छेद. पण नाही. तुम्ही दवाखान्यातून एक्स-रे यंत्रांच्या देखभालीच्या बाद झालेल्या वह्या आणल्यात, हिरव्या पुठ्ठ्याच्या, पानोपान इंग्रजी आणि अरबीत रकाने छापलेल्या. तारीख, यंत्र, दोष, कारण, उपाय, शेरा. आणि त्या रकान्यांत अख्खी गाडी बसवलीत. तीन वेगवेगळ्या कंपन्यांनी मिळून ती चालवायची ठरवलं, तर दोष: कुणाचा डबा कुठे जोडायचा यावरून मतभेद. उपाय: सगळ्यांचे डबे एकत्र, इंजिन मात्र ज्याचा रूळ त्याचं. दुसऱ्या गाड्या तिच्याहून लवकर पोचायच्या, तर दोष: वेळ जास्त. कारण: मुद्दाम. ते "मुद्दाम" तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत. वेळापत्रक असं आखलेलं, की कंटाळवाणी सपाटी अंधारात मागे पडावी आणि डोंगर, दऱ्या, नदीकाठ भर उजेडात यावेत. हे तुम्हाला इतकं आवडलं होतं, की फिंतासच्या समुद्रावर जायचं तरी तुम्ही निघायची वेळ पोचायच्या वेळेपासून मागे मोजायचात, आणि आम्ही दोघी चपला घालून दारात ताटकळत उभ्या.

लोक विमानाने जायला लागले, रुंद रस्ते झाले, टपालाचं काम गेलं, डबे रिकामे धावायला लागले. हे सगळं तुम्ही सहाव्या वहीत नेटकं लिहिलंत. गाडी बंद करू द्या म्हणून कंपन्या अर्ज करतात, लोक विरोध करतात, पुन्हा अर्ज. उपायाच्या रकान्यात तुम्ही नुसती आडवी रेघ मारायचात. माझ्या जन्माच्या आधीच बंद पडलेल्या त्या गाडीसाठी तुम्ही चार-चार दिवस घुम्यासारखे बसायचात, आणि आई वॉर्डातली डबल ड्यूटी करून येऊन विचारायची, भात लावला का? लावलेला नसायचा.

पण हे सगळं चालून गेलं असतं. नव्वदच्या जुलैत आपण नाशिकला जाणार होतो, ते आठवतं का? तिकिटं ठरली होती. मामाच्या घरची पूजा होती. तुम्ही रजा पुढे ढकललीत. का, तर अमेरिकेतला कुणी निवृत्त गार्ड, ज्याला तुम्ही दोन वर्षं पत्रं लिहीत होता, त्याने शेवटी कागदांचं पाकीट धाडलं होतं आणि ते आपण नसताना आलं तर पोस्टातून परत जाईल अशी तुम्हाला धास्ती. आईने मामाला कळवलं, की ऑगस्टच्या मध्यावर येतो. पाकीट आलं, बाबा. आणि त्याच आठवड्यात इराकचे रणगाडे आले. इमारतीतली निम्मी मराठी कुटुंबं तेव्हा सुट्टीवर, आपापल्या गावी सुखरूप होती. आपण तेवढे एका अमेरिकन गार्डच्या पाकिटासाठी थांबलेले.

मग ते पाच आठवडे. शाळा नाही, जमियात, म्हणजे कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात, फळ्या रिकाम्या, पावासाठी पहाटे रांगा. तुमच्या विभागातली यंत्रं सैनिकांनी उचलून ट्रकमध्ये घातली, त्यामुळे तुम्हाला काम उरलं नाही. आईला मात्र होतं. निम्म्या नर्सेस निघून गेल्या होत्या आणि ती रोज सकाळी पांढरा गणवेश चढवून चालत ड्यूटीला जायची, कारण बस बंद होती. तुम्ही खिडकीशेजारी बसून लिहायचात. मला तेव्हा तुमचा इतका राग यायचा, की मी तुमच्याशी बोलणंच सोडलं होतं. बायको बंदुकांमधून चालत जाते आणि हा माणूस वही भरतो. सातवी वही तुम्ही त्या पाच आठवड्यांत भरलीत.

सप्टेंबरात इमारतीतल्या काकांनी, त्या तेलकंपनीतल्या नाशिकच्या इंजिनिअरनी, बसची सोय केली. बसरा, बगदाद आणि तिथून जॉर्डन, पुढे विमान. माणशी एक बॅग. तुम्ही लगेच वेळापत्रक करायला बसलात. पहाटे निघालो तर अमुक ठिकाणी उजेडात पोचू, असं काकांना पटवत होता. काका शेवटी वैतागून म्हणाले, की वाळवंट उजेडात आणि अंधारात सारखंच दिसतं. ते माझ्या मनातलं बोलले. सातही वह्या तुम्ही आईच्या बॅगेत तळाशी ठेवायला दिल्यात, कारण तुमची बॅग फोटो आणि मासिकांनी भरली होती. तिने आपल्या दोन साड्या आणि चार कपडे वर ठेवले आणि ती दवाखान्यात चाव्या परत द्यायला गेली. तुम्ही खाली काकांशी बोलत होता. घरात मी एकटी होते.

शाळेसाठी घेतलेले माझे नवे पांढरे बूट कोपऱ्यात पडले होते, एकदाही न घातलेले. ते मी आईच्या बॅगेत घातले. आणि सातवी वही बाहेर काढली. स्वयंपाकघरातल्या कपाटावर, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवली आणि बॅगेची चेन लावून टाकली. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. आई आली, तिने बॅग उचलली, आणि आपण निघालो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐका. बसऱ्याच्या अलीकडे चौकीवर सगळ्यांना खाली उतरवलं. अधिकाऱ्याने तुमची बॅग उघडली. त्यात गाड्यांचे फोटो, नकाशे, आणि मिनिटा-मिनिटाच्या वेळा लिहिलेली वेळापत्रकं. मग आईची बॅग उघडली आणि हिरव्या वह्यांतली ती अगम्य लिपी. त्याने विचारलं, "शिनू हाधा?" हे काय आहे? कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, जुने कागद आहेत. तुमचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला कुणीतरी आपणहून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "कितार. कितार अमरीकी." अमेरिकन गाडी. इराकी चौकीवर, त्या दिवसांत, अमेरिकन! काका मागून कुजबुजले, "अहो, गप बसा ना." तुम्ही मात्र तुमच्या मोडक्या अरबीत त्याला घुमटाचे डबे समजावून द्यायला लागलात, आणि दोन सैनिकांनी तुम्हाला बाजूला नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. बसमधली चाळीस माणसं उन्हात उभी. कुणाच्या तरी बाळाचं रडणं थांबत नव्हतं. मी माझ्या सँडलकडे बघत होते आणि मला वाटत होतं, की आता आपण संपलो, आणि तेही एका बंद पडलेल्या गाडीपायी.

तेव्हा आई पुढे गेली. प्रवासात चौक्यांवर बरं पडतं म्हणून ती गणवेशातच होती. तिची अरबी वॉर्डातली, रोज रुग्णांशी बोलून घोटलेली. तिने आवाज अजिबात चढवला नाही. वही उघडून छापलेल्या रकान्यांवर बोट ठेवलं. हे बघा, दवाखान्याचं नाव, हे यंत्र, हा दोष, हा उपाय. माझा नवरा एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या नोंदी आहेत. फोटो त्याच्या छंदाचे आहेत, ठेवून घ्या हवे तर. अधिकाऱ्याने अरबी शब्द वाचले, तिच्या गणवेशाकडे पाहिलं, फोटो आणि नकाशे ठेवून घेतले आणि वह्या परत दिल्या. तुम्हाला सोडलं. बसमध्ये बसल्यावर आईने तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही तिला काय म्हणालात ते मी विसरलेले नाही. तुम्ही म्हणालात, "नोंदी काय म्हणालीस? इतिहास आहे तो."

असं कसं बोलवलं तुम्हाला, बाबा?

आणि एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. जॉर्डनच्या हद्दीतल्या तंबूंमध्ये पोचलो त्या संध्याकाळी तुम्ही वह्या मोजल्यात. सहा भरल्या. आधी वाटलं, अधिकाऱ्याने ठेवून घेतली. मग तुम्हालाच आठवलं, की त्याने फक्त फोटो घेतले होते, वह्या तुम्ही स्वतः मोजत नव्हतात तरी डोळ्यांनी बघत होतात. आणि तुम्ही आईवर ओरडलात. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या तंबूंसमोर. "एक काम सांगितलं होतं तुला. एक." जिने दोनच दिवसांपूर्वी तुम्हाला भिंतीपासून सोडवून आणलं होतं, तिला. ती बॅगेसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने साड्या बाजूला केल्या आणि तिला माझे बूट दिसले. तिने ते पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "राहिली असेल माझ्याकडून." तुम्ही पाण्याच्या रांगेत निघून गेल्यावर तिने बूट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "घालून बघ, बसतात का." बसत होते. वाळूत चालून दोन दिवसांत ते मातकट झाले, आणि नाशिकला पोचून शाळा मिळेपर्यंत आखूड झाले.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तुम्ही एकटेच परत कुवेतला गेलात. आम्ही दोघी पत्राची वाट बघत होतो. तेलविहिरी अजून जळत होत्या, भरदुपारी आकाश काळं असल्याचं टीव्हीवर दाखवत होते. तुमचं पत्र आलं. "पोचलो" नाही, "बरा आहे" नाही, पहिलं वाक्य: वही सापडली नाही. घर धुऊन नेलं होतं, पंखेसुद्धा काढून नेले होते, स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीवरून उखडलेलं होतं. ते कपाटाचं वाक्य मी मोरीत जाऊन पुन्हा वाचलं. आईने पत्र घडी करून देवाजवळ ठेवलं आणि ती पोळ्या लाटायला बसली.

पुढे आम्हीही परत आलो, सगळं हळूहळू जागेवर बसलं, आणि तुम्ही सातवी वही पुन्हा लिहायला घेतलीत. जमली नाही. चार पानं लिहायचात, फाडायचात. ते तेव्हाच लिहिता येत होतं, असं म्हणायचात, आणि आईकडे असं बघायचात की ती उठून आत जायची. एकदा जेवताना तिने विचारलंच, मी समोर होते. "अहो, त्यात एवढं होतं तरी काय?" मी घास तोंडात घेऊन थांबले. तुम्हाला संधी होती, बाबा. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही ताटाकडे बघत म्हणालात, "काही नाही. गाडीचंच होतं."

गाडीचंच होतं! मला ठाऊक आहे काय होतं. त्या दुपारी कपाटावर ठेवण्याआधी मी वही वाचली होती, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या. सुरुवातीच्या काळात तसल्या काही गाड्यांवर शिकलेल्या नर्सेस असायच्या, पुढे त्यांच्या जागी गणवेशातल्या होस्टेस आल्या, हे तुम्ही त्या गार्डच्या कागदांवरून लिहिलं होतंत. ती बाई दिवसातून कितीदा गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, बाळांच्या बाटल्या कोमट करून आणायची, म्हाताऱ्यांजवळ बसायची, आणि प्रवाशांना घरी गेल्यावर डोंगर आठवायचे, ती नाही. पाऊण वही तेच. आणि शेवटच्या पानावर यंत्राच्या रकान्यात काही नव्हतं. दोष: नाही. कारण: नाही. उपाय: लागत नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, रकान्यात मावावं म्हणून अगदी बारीक केलेल्या अक्षरात, की आज सकाळी रस्त्यावर सैनिक असताना आमच्या घरातली नर्स चालत ड्यूटीवर गेली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत उभा राहिलो. मला एवढंच जमतं. हे पुस्तक तिचं आहे.

म्हणजे पाच आठवडे तुम्ही खिडकीपाशी बसत होता ते यासाठी. हे तिला का नाही सांगितलंत? चौकीवरून बसमध्ये बसल्यावर का नाही? ओरडण्याऐवजी, फाडलेल्या पानांऐवजी, त्या ताटावर का नाही? तिला आजही वाटतं, की हरवला तो तुमच्या गाडीचा शेवट. तिच्याबद्दल लिहिलेली वही हरवल्याचा दोष ती तीसपेक्षा जास्त वर्षं डोक्यावर घेऊन बसली आहे, आणि ती कशाबद्दल होती हे तिला माहीत नाही. माझे बूट तिने पाहिले होते, वही कोणी काढली हे तिला कळलंय. फक्त काय लिहिलं होतं, ते माहीत असलेली या जगात मी एकटीच उरले आहे, आणि मी तुमचीच मुलगी निघाले. काल फोनवर पुन्हा म्हणाली, माझ्याकडून राहिली. मी म्हटलं, असू दे गं आता.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, त्यामुळे एवढं सगळं लिहिता आलं. आज संध्याकाळी तिला फोन करायचा आणि सांगायचं, असं सकाळपासून तिसऱ्यांदा ठरवते आहे. सांगितलं तर ती पुढचं विचारेल. वाचली होतीस, तरी का ठेवून आलीस? बुटांसाठी, हे उत्तर मी इतकी वर्षं तयार ठेवलं आहे, आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते शोभून दिसतं.

पण बूट मावत होते, बाबा. वही काढायच्या आधीच मी ते बाजूला खोचले होते आणि चेन लागत होती. मग मी वरची वही उघडली, शेवटचं पान वाचलं, आणि पुन्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळी चाळली, प्रत्येक शेरा बोट ठेवून वाचला. माझं नाव कुठेच नव्हतं.